फॉइलची चकती

आईचा मल्टिकुकर भलताच तापून करपट वास सोडू लागला, तेव्हा दादाने खापर सरळ आईच्या डोक्यावर फोडलं. "पाणी घालायला विसरतेस तू. एकटीने राहणं आता पुरे. रविवारी न्यायला येतो." आईने वाद घातला नाही. माळ्यावरची बॅग उतरवून घेतली आणि भरायला लागली. दादापेक्षा मला त्या बॅगेचा जास्त राग आला.

रविवारी दादाच्या आधी मी जाऊन धडकले. माझ्यासमोर आईने तांदूळ धुतले, मापाने पाणी घातलं. तरी वास आलाच, आणि कुकरच्या कडेला हात लावायची सोय राहिली नाही. म्हणजे पाण्याचं काही नव्हतं. मी झाकणातलं वाफेचं भोक साफ केलं, एक्स्टेन्शन बोर्ड काढून कुकर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला. दुसऱ्या भाताचाही तळ काळा.

"राहू दे गं," आई म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल."

तुझं काय चुकणार, डोंबल! कुकर निवल्यावर मी भांडं उचलून आत डोकावले. खालच्या प्लेटवर फॉइलची जाड चकती, घड्या घालून कात्रीने गोल कापलेली. प्लेटच्या मधलं बटण भांड्याला टेकून उष्णता ओळखतं आणि वेळेवर बंद करतं. ते फॉइलखाली दबलेलं.

"हे कुणी घातलं?"

"ते मशीनचंच नाही का? मी रोज पुसते की."

आमच्याकडे अशी कात्री एकच माणूस चालवतो. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर. मागच्या खेपेला ही प्लेट घासून लख्ख करणाराही तोच.

दादा आला तेव्हा चकती काढून लावलेला तिसरा भात मोकळा, पांढराशुभ्र झाला होता. मी चकती त्याच्यापुढे धरली. त्याचा चेहरा पडला.

"प्लेटला डाग पडू नयेत म्हणून घातली होती," तो म्हणाला.

मी बरंच काही ऐकवायला तोंड उघडलं, पण आईने त्याला भात वाढायला घेतला.

"मला खरंच वाटायला लागलं होतं रे," ती म्हणाली, "की माझं डोकं चालेनासं झालंय."

तिने त्याच्या भातावर तूप वाढलं.

"जेवून घे. मग जाण्याआधी ती बॅग माळ्यावर टाक. माझा हात पोचत नाही."