मेणाच्या नळीतला आजा

भागवतनं चौथ्यांदा मोजायची टेप लावली. फोनोग्राफची पेटी अकरा इंच लांब, आठ रुंद, उंची नऊ. पासष्टीच्या माणसाला पेटी मोजायचा एवढा काय सोस, असं तामलवाडीत कुणीही विचारलं असतं. पण या पेटीत त्याचा आजा होता. शंभरेक वर्षांपूर्वी या आजानं, ज्ञानोबांनी, मेणाच्या नळीवर भारूड भरून ठेवलं होतं म्हणे. नातवानं आजा ना पाहिला होता, ना ऐकला.

जुनी यंत्रं दुरुस्त करणारी सोनाली पुण्याहून आली होती. तिनं नवी स्प्रिंग बसवली, सुई बसवली, कर्णा जोडला. मेण झिजतं, तेव्हा आधी नळी मोजायची आणि मग एकदाच वाजवायची, असं तिनं बजावलं. नळी मुठीत मावेल एवढी, आतून पोकळ. लांबी सव्वाचार इंच. जाडी एका टोकाला ठीक भरली, दुसऱ्या टोकाला एक सूत कमी. भागवतनं ती उजेडात धरली, तर तिथं खळगेच खळगे. त्यानं उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा शेंगा सोलत बसलेली त्याची आई, मथुराबाई, बोलली.

"उंदीर न्हाय बाबा. म्या उकरलंय ते."

नवी नवरी असताना कुंकवाखाली लावायला मेण हवं होतं. फडताळात ही नळी दिसली. सासरे आधीच वारलेले, आणि नवऱ्याला विचारायची तेव्हा सोय नव्हती. नखानं उकरून तिनं महिनाभर लावलं. पण ते मेलं मेण चिकटायचंच नाही, कुंकू नाकावर उतरायचं. शेवटी कंटाळून तिनं नळी ठेवून दिली.

भागवतला राग आला, खराखुरा राग. पण सत्याऐंशीच्या आईवर तो काढणार कसा? त्यानं सोनालीलाच विचारलं, आता किती उरलंय.

तिनं शाबूत पट्टा मोजला. दीड इंच. इंचात शंभर रेघा, एका फेऱ्याला एक रेघ, मिनिटाला एकशे साठ फेरे.

"मिनिटभरही नाही, काका. आणि तेही शेवटाकडचं. गाणं बहुधा गेलंय."

"लावा," भागवत म्हणाला.

आधी नुसती खरखर. मग टाळांचा शेवटचा ठोका, आणि गाणं संपलं. भागवतचा चेहरा पडला. तेवढ्यात कुणीतरी दमून खोकलं आणि घोगरा, हुकमी आवाज आला, "पाणी आणा गं कुणीतरी."

मथुराबाईनं पदर डोक्यावर ओढला, गुडघ्यावर हात रोवून ती उठली आणि माठाकडं निघाली. भागवतनं तिला अडवलं नाही.