काळ्या कोकराचा कान

माझी बायको ताईबाई गेल्याचं शेजारच्या वाड्यावरचा जीवराम सांगायला आला, तेव्हा मी मेंढ्यांसाठी हिवराच्या शेंगा झोडत होतो. साक्रीच्या वर, डोंगरांमधल्या त्या माळावर फोन लागत नाही. होळीनंतर तिथे हिरवं काही उरत नाही. पिवळं कुसळी गवत, दगड आणि वारा. लेक भूमिका आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. तापच होता, उतरेल असं वाटलं होतं.

"भाऊ, काठी ठेव खाले," जीवराम म्हणाला. "वहिनी गयी. तू घर जाय, मेंढ्या मी देखस."

मी तसाच निघालो. माझी मेंढरं त्याच्याच जाळीच्या वाड्यात कोंडली गेली. यंदाच्या कोकरांच्या कानांना अजून खूण झाली नव्हती. ते काम ताईबाईचं. आमची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला एक काप. तिच्या हातात कोकरू ओरडत नसे.

तिचे दिवस करून परत माळावर आलो. संध्याकाळी कोकरं सोडली, ती आपापल्या आईला जाऊन लुचली. वाटणी झाली. उरली दोन, दोन्ही काळी, दोन्ही बिनआईची. एक जीवरामचं, एक ताईबाईनं आमच्या बकरीच्या दुधावर जगवलेलं. मला तेच हवं होतं. मी नव्हतो तेव्हा जीवरामनं दोघांना बाटलीनं पाजलं होतं. आता ओळखू येईना.

"काया कोकरा बठ्ठा सारखाच दिखतस," तो म्हणाला. "दोन्ही लई जाय."

"तुन्हं माले कशाले?"

"मंग बकरीलेच इचार."

बकरी दोघांनाही लाथा मारत होती.

"तुन्हासारखीच हट्टी शे," जीवराम हसला.

ताईबाई बकरीचा मागचा पाय गुडघ्यांत धरून बसायची. मी तसा बसलो, पाय धरला. एक कोकरू लांबच थांबलं. दुसरं सरळ आलं, पुढचे गुडघे टेकले आणि प्यायला लागलं. जीवराम आपलं कोकरू उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्यांचे कान कापले. माझ्या हातात ती ओरडली. काळं कोकरू आता शेंगा खातं, माझ्या मागे हिंडतं. पुन्हा मिसळलं तर भांडीन, असं जीवराम म्हणतो. चाकूला धार लावून ठेवली आहे. कोकराच्या कानाला खूण करायची राहिली आहे.