वारं पडलेला रविवार

दिवाळी होऊन गेली, तुरीला शेंगा धरल्या, तरी गुरम्माचा जीव उदगिरात नव्हता. तो तिकडं आयर्लंडच्या किनाऱ्यावर, हाडं गोठवणाऱ्या पाण्यापाशी घुटमळत होता. नात दामिनी तिथल्या दवाखान्यात नोकरीला लागली, ते चांगलंच झालं. पण सुट्टीच्या दिवशी फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायचं, हे कसलं खूळ? आणि तेही ऐन थंडीच्या तोंडाला!

"उन्हाळ्यात इथं समुद्र झोपलेला असतो गं अव्वा," दामिनी म्हणायची. "लाटा येतात त्या आताच."

"मग त्यो झोपल्यावर जा की! जागा असताना कशाला खोडी काढतीस?"

शेवटी गुरम्मानं तिला मेलेल्या आज्ज्याची आण घातली. अव्वा हो म्हणेल त्याच रविवारी पाण्यात उतरायचं.

त्या किनाऱ्यावर एक कॅमेरा होता. इथं मोबाइलवर सगळं दिसायचं. गुरम्माला अक्षरं जेमतेम यायची, पण सारी उमर खळ्यावर उफणण्यात गेली. वाऱ्याबद्दल तिला कुणी शिकवावं, हे तिला खपत नसे. किनाऱ्यावर झेंडा होता, तेवढा तिला पुरे. झेंडा फडफडला की "न्हाई." दिवाळीपासून रोजच फडफडत होता. रविवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, दामिनीचा फोन यायचा आणि तोंड पाडून बंद व्हायचा.

आज मात्र झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

"वारं पडलंय," गुरम्मा फोनवर रुबाबात म्हणाली. "जा. इष्टलिंग गळ्यातच ठेव. आन् लई आत जाऊ नको."

"अव्वा, आज लाटा जरा..."

"जा म्हणले न्हवं? वारं न्हाई तिथं लाट कुठली?"

फोन ठेवून ती निवांत टेकली. सून महानंदा मात्र मोबाइल हातात धरून तशीच उभी.

"काय बघायलीस?"

"काई न्हाई, आत्याबाई."

"दाव इकडं."

समुद्र शांत दिसत होता. फेस नाही, खळबळ नाही. मग लांबून एक काळी रेघ उठली. सरकत सरकत जवळ आली, फुगली, आणि तिच्या कुशीत फळीवरची माणसं तिळाएवढी दिसायला लागली. ती कोसळली तेव्हा अर्धा पडदा पांढरा झाला. मागं दुसरी उठतच होती.

गुरम्मा सरळ बसली. "झेंडा तर हालंना! ही लाट आली कुठून?"

महानंदानं पदर चाचपला. "दामिनी सांगत होती. लांब समुद्रात वादळ होतंय, आन् त्याच्या लाटा दोन-दोन दिवसांनी किनाऱ्याला येतेत. तितलं वारं पडलं की उलट चांगल्या उठतेत म्हणं."

"मग तोंडात काय धरलं हुतंस? बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलू देतासा का?" महानंदा म्हणाली. आजवर सासूला असं बोलली नव्हती. "माझी लेक हाय ती. तुम्ही जा म्हणलासा आन् ती गेली."

"फोन लाव," गुरम्मा म्हणाली.

लागला नाही. पाण्यात जाताना पोरगी फोन गाडीत ठेवते, हे दोघींनाही ठाऊक होतं. पडद्यावर पाण्यात उतरलेल्या सगळ्यांच्या अंगाला तेच काळं रबर. त्यातली आपली कोणती? एक ठिपका लाटेवरून उलटा झाला आणि दिसेनासा झाला. महानंदानं गळ्यातली लिंगाची डबी मुठीत धरली. गुरम्मा उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मोंढ्याच्या बाजारातून जेवायला आलेल्या लेकाला म्हणाली, "हातानं घे वाढून, आमाला सवड न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर दामिनी. डोक्याला लोकरीची टोपी, हातात चहा, केस कोरडे ठाक.

"गेलेच नाही गं. काठावर उभी राहिले, एक लाट बघितली. हे माझं पाणी नाही आज. वर आले."

महानंदा पदरात तोंड घालून रडायला लागली.

गुरम्मा कडाडली, "म्या जा म्हणलं होतं की न्हाई?"

"हाव."

"म्हंजे माझा शब्द मोडलास."

"हाव, अव्वा. मोडला."

गुरम्मानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पोरीचं नाक थंडीनं लाल झालं होतं.

"आता म्होरल्या रविवारी मला इचारू नको," ती म्हणाली. "आण काढली म्या. तुझ्या डोळ्यानं बघ, आन् बघून काय ते ठरीव. वर आल्यावर तेवढा फोन कर."

"नक्की?"

"ठेव आता. चहा निवायलाय तुझा."

फोन बंद झाला. महानंदा डोळे पुसून ताटं करायला निघाली, तर गुरम्मानं तिचा हात धरला.

"कुठं चाललीस? ते समुद्राचं परत लाव. त्यो मघाशी उलटा झालेला कोण हाय, त्यो वर आला का बघू दे."