डबीवरचा पोचा

सायकल टेम्पोतून खाली उतरली, तेव्हा महांतप्पांनी ना चाक बघितलं, ना चेन. थेट हँडलला हात घातला. मधोमध पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. गाठीखाली दोरा तुटलेला होता आणि मिठानं कडक झाला होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीतून त्यांच्या बायकोचा, गंगम्मांचा आवाज आला, "घावलं का?"

"बघायलोय."

"बघायला काय लागतंय? हाय तर हाय, न्हाय तर न्हाय."

सायकल घेऊन आलेला श्रीशैल खाली मान घालून उभा होता. जवळच्या वाशी गावचा पोरगा. त्यांच्या लेकाचा, विरेशचा जिवलग दोस्त, कोकणातल्या नोकरीतही बरोबरच. महांतप्पांनी त्याच्याकडं बघून मान हलवली. मग आत वळून सांगितलं, "न्हाय."

येडशीच्या स्टेशन रोडवरच्या या दुकानातल्या भंगारातून विरेशनं पहिली जाड टायरची सायकल जुळवली होती. ती घेऊन रामलिंगच्या डोंगरातून तो असा सुटायचा की बघणारे वाट सोडून बाजूला व्हायचे. गुडघे कायम फुटलेले. पुढं याच वेडापायी त्याला कोकणातल्या एका कंपनीत काम मिळालं. किनाऱ्यानं पर्यटकांना डोंगरी सायकली चालवायच्या असतात, त्यांच्यासाठी वाटा शोधून काढायच्या. ज्या गावाला समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग, त्या गावात गंगम्मा मिरवायच्या, "माझा लेक समुद्राच्या कडंनं रस्ते काढतोय!" बायका तोंडावर हो म्हणायच्या आणि पाठीमागं हसायच्या.

दिवाळीनंतर त्याच समुद्रानं विरेशचा देह परत दिला, पण गळा मोकळा करून.

लिंगायताच्या घरात बाळ पाळण्यात असतानाच त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत घालून इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं. माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. विरेशच्या तळहातावर देण्यासारखं काही नव्हतं. गावच्या अय्यांनी, मठातल्या गुरूंनी, तिथलंच नवं लिंग दिलं, मंत्र म्हटले, सगळं रीतसर झालं. गंगम्मांनी मात्र खड्ड्याच्या काठावरच सांगून टाकलं, "हे त्याचं न्हाय. पाळण्यात म्या बांधलेलं कुठंय?"

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची लिंगपूजा सोडली. आणि पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तर त्यांचा लहानपणापासूनचा नेम. चहावर आणि वाटीभर ताकावर बाई जगत होती. अंगावरची चोळी लोंबायला लागली होती. महांतप्पांनी समजावलं, रागावले, एकदा ताट आपटलं. शेवटी अय्यांना बोलावलं. गंगम्मा त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "माझ्या लेकराचं घावू द्या. मग करते पूजा."

म्हणून सायकल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी महांतप्पांनी दुकानाला कुलूप लावलं. "चल, जागा दाखव," ते श्रीशैलला म्हणाले. श्रीशैलनं आढेवेढे घेतले, पण त्यांच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. दुरुस्त केलेली सायकल टेम्पोत चढली आणि दोघं घाट उतरून कोकणात गेले. तिथं श्रीशैलनं कंपनीची दुसरी सायकल घेतली.

त्या जागेकडं जाणारी वाट एक, पण तिची रूपं किती! आधी कातळाचा उघडाबोडका सडा, तव्यासारखा तापलेला, चाकाखाली जांभा दगड खडखडणारा. मग वाट एकदम आमराईच्या सावलीत शिरायची आणि दगडी पायऱ्यांवरून आदळत खाली यायची. खाली सुरूचं बन. बनाबाहेर ओली वाळू, ओहोटीला रस्त्यासारखी घट्ट होणारी. मध्येच खाडी आडवी आली, तेव्हा माणसं आणि सायकली एकाच होडीतून पलीकडं गेल्या. उतारावर महांतप्पा सायकलवर बसायचे, चढावर ती ढकलायचे. या वयात हे काय चाललंय, असं वाटेतल्या बायाबापड्यांना वाटत असणार. त्यांना कशाचंच भान नव्हतं. जिथं वाट फुटायची तिथं दगडावर चुन्यानं काढलेला बाण होता, शेपटाकडं किंचित वाकलेला. दुकानाच्या पाटीवर हवेच्या पंपाकडं दाखवणारा बाण विरेशनं अगदी असाच काढला होता.

पहिल्या बाणाजवळ ते थांबले नाहीत. दुसऱ्याजवळ उतरले. पुढच्यावर हात ठेवला आणि तिथंच बसून रडले. श्रीशैल लांब जाऊन उगाच टायरची हवा तपासत राहिला.

वाटेचा शेवटचा तुकडा कड्याखालच्या खडकांवरून जात होता. ओहोटीतच जाता येईल असा. मध्ये एका घळीत कमरेइतकं पाणी. तिथं सायकल खांद्यावर घ्यायची आणि पार व्हायचं. महांतप्पा घळीच्या काठी उकिडवे बसले. कपारीतून हात घालून घालून बघू लागले. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार लागली, बोटं रक्ताळली. श्रीशैलनं त्यांना मागं ओढलं.

"काका, बास करा. इथं न्हाय ते."

"तुला काय ठावं?"

श्रीशैल हँडलवरच्या गाठीला हात लावून बोलायला लागला. "म्या बगितलंय. डबी हँडलला बांधल्ती त्यानं, ते बोललोय तुमाला. काकू फोनवर म्हणल्या हुत्या न्हवं, खारं पानी लिंगाला लागू दिऊ नगं, वरचं काळं लेपन जातंय म्हणून. पाण्यातून जाताना सायकल खांद्यावर, तवा डबी वर ऱ्हातीय, असा त्याचा हिशेब. बरोबरची पर्यटक लोकं पार झाली हुती. विरेश मागं हुता. लाट आली, सायकल खडकावर आपटली, दोरा तुटला."

"आन् हा वाहून गेला."

"न्हाय, काका." पोरगा आता रडत होता. "ह्यो धड उभा हुता. म्या वरडलो, हात दे म्हणलो. डबी पाण्यात दिसायली हुती. ह्यो माघारी वळला तिच्यामागं."

पाणी चढायला लागलं होतं. समुद्र इतका मोठा आणि इतका निर्लज्ज असेल, असं महांतप्पांना वाटलं नव्हतं. माणूस खाऊन तो पुन्हा जसाच्या तसा चकाकत होता. त्यांना त्याची किळस आली.

"हे काकूला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाय."

"सांगू नगंस. मरस्तोवर सांगू नगंस. तिच्याच शब्दापायी गेला म्हणून कळलं तर ती उभ्या उभ्या मरंल."

माघारी येताना त्यांनी श्रीशैलला वाशीच्या फाट्यावर सोडलं. येडशीला पोचल्यावर घरी न जाता आधी दुकान उघडलं. शटर आतून ओढून घेतलं. गळ्यातली आपली डबी काढली. जन्मात कधी त्यांनी ती अंगावेगळी केली नव्हती. विरेशच्या डबीच्या कडेला पोचा होता. रांगता असताना तो उंबऱ्यावरून पडला होता, तेव्हाचा. महांतप्पांनी आपली डबी लाकडावर धरली आणि पान्ह्यानं बेतानं एक ठोका दिला. मग दुसरा. पोचा बरोबर जमला. मिठाच्या पाण्यात बुडवून चांदी काळवंडून घेतली. उघड्या गळ्यावर उपरणं घट्ट गुंडाळून ते घरात गेले.

"घावलं," ते म्हणाले.

गंगम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. डबी कपाळाला लावली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. महांतप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग गंगम्मांनी डबी उघडली, कपडा सोडला आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

लिंगाच्या एका अंगाला लेपण झिजलं होतं. रोज सकाळी इभूत लावताना एकाच अंगठ्याची घासण एकाच जागी बसत गेली, की असं होतं. तरण्या पोराच्या अंगठ्यानं इतकी झीज होत नाही.

गंगम्मांनी वर बघितलं. मग नवऱ्याच्या गळ्याभोवतीच्या उपरण्याकडं बघितलं. खाऱ्या पाण्याची ताकीद लेकाला फोनवर आपणच दिली होती, हे त्यांना आठवलं.

"त्यो डबीच्यामागं पाण्यात गेल्ता, व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

महांतप्पांना खोटं बोलायचं होतं. ते गळ्याभोवतीचं उपरणं आणखी आवळू लागले.

गंगम्मा भिंतीला धरून उठल्या. न्हाणीत पाण्याचा आवाज झाला. ओल्या केसांनी त्या बाहेर आल्या, कपाळाला इभूत लावली आणि इतक्या दिवसांनी पूजेला बसल्या. तळहातावर आधी आपलं लिंग घेतलं. मग नवऱ्याचं. दोन्ही झाल्यावर तळहात तसाच रिकामा पुढं धरला आणि त्यावरही थोडं पाणी सोडलं.

उठून त्यांनी महांतप्पांचं उपरणं सोडलं आणि डबी त्यांच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा मारली.

"उघड्या गळ्यानं फिरू नगा," त्या म्हणाल्या. "एक गेला तसा. आता बसा जेवायला."

त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास गिळायला त्यांना फार वेळ लागला.