खुशालीच्या दोन घंटा

मित्रांनो, मी एक जुना, तबकडीचा टेलिफोन आहे. रंगाने काळा, अंगाने जड आणि आवाजाने खणखणीत. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखा फोन पाहिलाही नसेल. तबकडीच्या भोकात बोट घालून ती फिरवायची आणि सोडून द्यायची, की ती कुरकुरत आपल्या जागी परत येते. आता मी माळ्यावर एका खोक्यात पडून आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, पितळेच्या दोन वाट्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये एक इवलीशी हातोडी. तपासणाऱ्या बाईंनी माझी घंटा वाजवून पाहिली आणि कानांवर हात ठेवले. "अगं बाई, हा तर सगळी आळी जागी करेल!" त्या म्हणाल्या. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी. ती मी कधी विसरलो नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा शेफारलोही.

लाइनमनने मला दोन खोल्यांच्या एका घरात आणून बसवलं. घरातले बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घरी आले तरी बोटांना पांढरी भुकटी लागलेली असे. आई घर सांभाळायची. त्यांना एकुलता एक मुलगा. आई त्याला सोन्या म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

सोन्या वेल्डिंग शिकला आणि दूर देशी, जहाजं बांधतात त्या गोदीत कामाला लागला. तेव्हा लांबचा फोन म्हणजे श्रीमंतांचं काम. मिनिटामिनिटाला पैसे पडत. जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याला माझ्यासमोर बसवून समजावलं, "रविवारी सकाळी फोन लाव. दोनदा घंटा वाजू दे आणि ठेवून दे. आम्ही उचलणार नाही. उचलला नाही की पैसे पडत नाहीत. दोन घंटा म्हणजे तू खुशाल. वाजतच राहिली, तर काहीतरी बिनसलंय असं समजून उचलू."

"आणि मला बोलायचं असलं तर?" आईने विचारलं.

"स्वस्त झालं की बोल की. कोण अडवतंय?" बाबा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी आई लवकर आवरून माझ्याजवळ स्टूल ओढायची आणि कानात प्राण आणून बसायची. मी दोनदा वाजायचो. ती तळहात माझ्या पाठीवर ठेवायची आणि घंटा थांबली तरी बराच वेळ काढायची नाही. मग पदराने मला पुसून कामाला लागायची. बाकी कुणाचे फोन आले तर बाबाच उचलत. आई म्हणायची, "मला नाही जमत ते, तुम्हीच बोला."

बाबा कंजूष नव्हते हो. स्वस्तात बोलायला कसं मिळेल याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. रात्री उशिरा दर कमी असतो असं कळलं. पण तेव्हा सोन्या पाळीवर असे. मग दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून ते फोनचं एक कार्ड घेऊन आले. त्यावरचा लांबलचक आकडा आधी लावायचा, मग सोन्याचा. बाबांनी तबकडी फिरवली. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, "कृपया बटण दाबा." माझ्याकडे बटणं कुठली? बाबांनी पुन्हा फिरवली. बाई पुन्हा तेच बोलली. "अहो बाई, बटण नाहीये, समजून घ्या जरा," बाबा कळवळून म्हणाले. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटणांचा नवा फोन आणला. हलका, पांढरा, नाजूक. मी कपाटावर गेलो. रविवारी त्या पांढऱ्याने किणकिण केली. आई त्याच्यासमोरच बसली होती, पण जागची हलली नाही. पुष्कळ वेळाने तिने विचारलं, "आज सोन्याने लावला नाही का हो?"

"आत्ताच तर वाजला! लक्ष कुठे आहे तुझं?"

आई गोंधळली. मग हट्टाने म्हणाली, "मला नको हा. चिमणीएवढा त्याचा आवाज. आपला जुनाच बरा." बाबा चिडले, कार्ड फुकट गेलं म्हणून कुरकुरले, पण शेवटी त्यांनी मलाच परत जोडलं.

मित्रांनो, तेव्हा माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! मला वाटलं, आईचा माझ्यावर जीव आहे. बाबांना वाटलं, बायकोचा हट्ट आहे. खरं काय ते ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

वर्षं गेली. एके दिवशी बाबा फोनच्या ऑफिसातून जवळजवळ धावतच आले. नवी योजना निघाली होती. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि घरच्या फोनवरून जगात कुठेही, हवं तेवढं बोलायचं. माझ्यासारख्या जुन्या फोनवरसुद्धा! "आता बोल दिवसभर!" बाबांनी ओरडून सांगितलं. त्या रविवारी आईने ठेवणीतली साडी नेसली. बाबांनी तबकडी फिरवली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"आई! आई, मी बोलतोय! गुडघा कसा आहे तुझा?" सोन्या घाईघाईने म्हणाला.

"हो हो," आई म्हणाली. "जेवलास का?"

"जेवतो आता. गुडघा, आई, गुडघा दुखतो का?"

"हो, मिळालं सगळं."

मग सोन्या हळूच म्हणाला, "आई, तुला ऐकू येतंय ना?"

"तूही जप हो स्वतःला," आई म्हणाली. तिने रिसीव्हर ठेवला आणि हसून बाबांकडे पाहिलं. "खूप बोलला हो पोरगा."

"काय म्हणाला?"

"सगळंच," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथून कितीतरी वेळ नुसता नळाचा आवाज येत होता.

संध्याकाळी सोन्याने फोन करून बाबांना सांगितलं, आईला ऐकू येत नाही. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कान फार पूर्वीपासून जात होते. वेळेवर आला असतात तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं. त्यात तिला सोन्याचा आवाज नाही, खरखरच ऐकू यायची. बाबा दुकानातून आले की हात धुवायचेही नाहीत, नुसते बसून राहायचे. "दुनियेचे डोळे दुरुस्त केले मी," एकदा ते मला ऐकू जाईल इतपत बोलले, "आणि घरात ही..."

तरी आई रविवार सोडेना. फोन लावून द्यायला सांगायची आणि एकटीच बोलत राहायची. शेजारणीची सून, गळका नळ, सोन्या लहानपणी कुठल्या जिन्यावरून पडला होता, सगळं. सोन्या पलीकडे ऐकायचा. मध्येच ती विचारायची, "आहेस ना रे?" तो "आहे गं, आई," म्हणायचा. ते मला ऐकू यायचं, तिला नाही. म्हणून ती रिसीव्हर बाबांकडे द्यायची. बाबा कानाला लावून होकाराची मान हलवायचे, आणि ती पुढे बोलू लागायची.

एका रविवारी ती अशीच बोलत असताना लाइन तुटली. माझ्यातून नुसता घूं आवाज येत होता. आई बोलतच होती. सोन्याच्या जन्माच्या दिवशी बाबा कसे उलटा सदरा घालून आले होते, ते सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने रिसीव्हर बाबांकडे दिला. "आहे का हो तो?"

बाबांनी तो कानाला लावला. तो घूं आवाज ऐकला. आणि तशीच होकाराची मान हलवली.

मित्रांनो, त्या घरात आता आई नाही. माझ्यावरून तुम्ही धूळ पुसा किंवा पुसू नका, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय, त्यांच्याशी ते स्वस्त होईपर्यंत थांबू नका. महाग असेल तेव्हाच बोला. त्यांना ऐकू येतंय तोवर बोला.