रूपराव कंडक्टरची दोन औषधं

"टायर पाहून घेतो जी, पाच मिनटं बसा," असं म्हणून ड्रायव्हर नत्थूजी खाली उतरले आणि टॉमीच्या लोखंडी दांड्यानं एकेक टायर ठोकू लागले. टायरांना काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते कंडक्टर रूपरावांना, आणि ते पाण्याची बाटली घेऊन शेजारच्या तुरीत गडप झाले होते.

"टायर नाई, कंडक्टर पंक्चर झाला," अनुसयाबाई म्हणाल्या. त्या रोज याच गाडीनं वर्ध्याच्या बाजारात वांगी न्यायच्या. गाडीभर हशा पिकला. रूपराव परत आले, कुणाकडेही न पाहता त्यांनी दोरी ओढून डबल बेल दिली.

हे २००७ साल. हिंगणघाटहून अल्लीपूरमार्गे वर्ध्याला जाणाऱ्या या गाडीवर रूपराव अकरा वर्षं होते, आणि त्यातली सहा वर्षं पोट त्यांच्या मागे लागलं होतं. आधी मूळव्याध म्हणून, मग आव म्हणून, मग उष्णता म्हणून औषधं झाली. सासऱ्यांनी बेलाचा मुरब्बा चारला, नत्थूजींनी कुड्याची साल उकळून आणली. शेवटी रक्त पडू लागलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मोठ्या आतड्यात जखमाच जखमा असल्याचं सांगितलं. स्टेरॉइडनं तोंड पुरणपोळीसारखं फुगलं. गावातले लोक म्हणाले, "रूपराव सुधरले बाप्पा!" सुधारलेले रूपराव दिवसातून बारा वेळा पळत होते.

"आता दोनच रस्ते," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून आतडं काढायचं आणि पोटाला पिशवी लावायची. नाहीतर हे नवं इंजेक्शन. सुरुवातीला तीनदा, मग दर दोन महिन्यांनी सलाईनमधून. आणि सोबत रोज ही गोळी."

"दोन्ही कायले? एकानं भागत नाई का?"

डॉक्टरांनी रूपरावांच्या खाकी शर्टाकडे पाहिलं. "तुमच्या शरीरातला तिकीट चेकर पिसाळलाय, असं समजा. घरच्याच आतड्याला तो फुकट्या समजून झोडपतोय. इंजेक्शन त्याचा हात धरतं. पण इंजेक्शनही बाहेरचंच. काही दिवसांनी चेकर त्यालाच ओळखून खाली उतरवतो. गोळी चेकरला जरा पेंगवते, म्हणजे इंजेक्शन टिकतं."

"पण सायेब, चेकर पेंगला तर खरे फुकटेही चढतीन न!"

"बरोबर पकडलंत. म्हणून आधी टीबीची तपासणी, मग दर थोड्या दिवसांनी रक्ताची. आणि ताप आला की घरी काढा पीत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं."

रूपरावांना चेकरची गोष्ट फार आवडली. त्यांच्या बायकोनं, जयवंतानं, मात्र गोळीची वेळ लक्षात ठेवली.

तिसऱ्या सलाईननंतर गाडी वाटेत थांबेना. रक्त बंद झालं, भूक लागली. एका लग्नात रूपरावांनी पाटोडीच्या रश्श्याच्या दोन वाट्या रिचवल्या. नाराज झाले ते फक्त रोज याच गाडीनं जाणारे, मधुमेह असलेले एक गुरुजी. "कंडक्टर, कधीमधी थांबवत जा न," त्यांनी कानात सांगितलं. "आमचीही सोय होत होती."

आता माणूस बरा झाला की त्याला अक्कल फुटते. इंजेक्शन काम करून राह्यलं, मंग गोळी कायले, असं रूपरावांनी ठरवलं. सकाळी जयवंता त्या दिवसाची गोळी कागदी पाकिटात घालून हातात द्यायची. "डुटीवर घेतो," म्हणून ते निघायचे आणि पाकीट तिकिटाच्या पेटीत, न खपणाऱ्या तिकिटांच्या खाली सारायचे.

सहाव्या सलाईनला अंगभर खाज सुटली, दम लागला. नर्सनं धावत येऊन सलाईन बंद केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त, पुन्हा तूर.

"गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो तं," रूपराव म्हणाले आणि कानाची पाळी ओढली. जयवंतानं ते पाहिलं. लग्नापासून ती त्या पाळीला ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरच्या थांब्यावर जयवंता गाडीत चढली. रूपराव गोंधळले.

"कुठं?"

"वर्धा. एक द्या."

त्यांनी तिकीट फाडायला पेटी उघडली, तोच जयवंतानं आत हात घातला. एक पाकीट निघालं, दोन निघाली, निघतच राहिली. तिनं ती अनुसयाबाईंच्या वांग्यांवर ठेवली.

"डॉक्टरले खोटं, मले खोटं," ती म्हणाली. "खरं सांगतलं तं डॉक्टर पिशवी लावतीन म्हून भेता का? मले पिशवीवालं माणूस चालते. माणूसच नसलं तं नाई चालत."

कुणी हसलं नाही. नत्थूजींनी समोरच्या आरशातून नजर काढून घेतली. रूपरावांनी एक गोळी काढली. पाण्याची बाटली अनुसयाबाईंनी पुढे केली.

"सांगतो डॉक्टरले," ते पुटपुटले. "खरं सांगतो."

"मंग मी उतरतो," जयवंता म्हणाली.

"तिकीट वर्ध्याचं फाडलं."

"मंग वर्ध्यालेच येतो," असं म्हणून जयवंता खिडकीशी बसली.

डॉक्टर खूप बोलले. जमेलच असं सांगता येत नाही, म्हणाले. गोळी पुन्हा सुरू झाली, रक्त तपासलं, मग सलाईन अगदी थेंबाथेंबानं, नर्सला उशाशी बसवून. जमलं. पहिल्यासारखं नाही, पण बाराचे तीन झाले. गाडीत मात्र रूपरावांचं काही चालेना. अनुसयाबाई रोज विचारायच्या, "गोळी?" आणि रूपरावांना अख्ख्या गाडीसमोर जीभ काढून दाखवावी लागायची.

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. ताप येताच जयवंतानं त्यांना नागपूरला नेलं, म्हणून आठ दिवसांत सुटका झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: गर्दीत, खोकणाऱ्या माणसांत काम नको. डेपोनं रूपरावांना हिंगणघाटच्या चौकशी खिडकीत बसवलं.

पहिल्या सकाळी त्यांनी माईक ओढला. "अल्लीपूरमार्गे वर्ध्याला जाणारी गाडी फलाट दोनवर लागली आहे." एवढ्यावर संपायला हवं होतं. पण ते पुढे बोलतच राहिले: शाळेचा थांबा, टाकीचा थांबा, पुलाअलीकडला, पुलापलीकडला, एकही न सोडता.

"इतकं काऊन सांगून राह्यले?" शेजारच्या बाबूंनी विचारलं.

"उतरणाऱ्याले मालूम पाह्यजे," रूपराव म्हणाले.

काचेपलीकडे नत्थूजींनी गाडी मागे घेतली. नव्या कंडक्टरनं दार ओढलं, ते नीट लागलं नाही. रूपराव खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्या झटक्यात दार लागलं, तसे ते पुन्हा खाली बसले.