नववं हाड

मी काका बोलतोय. शरीररचनेच्या वर्गात कोपऱ्यात हुकाला लटकलेला सांगाडा. ज्याचा मी होतो त्याने देहदान केलं आणि तो सुटला. मी मात्र मेल्यावर नोकरीला लागलो. पोरं येता-जाता हात मिळवतात, परीक्षेआधी पाया पडतात. माझं काम एवढंच, जे आहे ते दाखवायचं.

यंदा सरांनी प्रॅक्टिकलचं पुस्तक काढलं. लिहिलं एआयने, सरांनी वरवर चाळलं आणि छापायला दिलं. मनगटात हाडं आठ असतात. पुस्तकात नऊ होती. नवव्याला झकास नाव होतं, चित्र होतं, मोडलं तर काय करायचं तेही होतं.

"काकांचं पडलं असेल कुठेतरी," सर म्हणाले. "जुने झालेत."

पोरांनी माझं मनगट चाचपलं. आधी कुणाला काही लागेना. मग मार्क जायला लागले, तसं एकेकाला लागायला लागलं. "आहे सर, इथे, बारीकसं." पोरं दाबायची तिथे मला खाज सुटायला लागली. मला कातडी नाही, हे लक्षात घ्या.

तोंडी परीक्षेला एक मुलगी अडून बसली. आधी एकदा नापास झालेली, आता गेली तर कॉलेजच सुटणार.

"आठच आहेत, सर."

"पुस्तकात नऊ आहेत."

"मग पुस्तकाला नापास करा ना."

"अगं, वर्ष जाईल तुझं. नऊ म्हण आणि सूट."

"उद्या पेशंटच्या हातात नववं कुठे शोधू? तुम्हीच मोजा."

सरांनी चिडून माझा हात ओढला आणि मोठ्याने मोजलं. नऊ भरली. मुलीचं तोंड उतरलं. माझा जबडा तर कायमच पडलेला.

तिने नववं बोटाने चाचपलं. "सर, हे गरम लागतंय."

तेवढ्यात सरांच्या हातातलं पेन गळून पडलं. त्यांचं मनगट ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. तिने त्यांचा हात घेतला आणि शांतपणे, दाबत दाबत मोजला.

सात.

सरांनी तिला डाव्या हाताने पास केलं. पुस्तकं परत मागवली. आता ते एकेक ओळ माझ्यासमोर बसून तपासतात. हाड मात्र परत जायचं नाव घेत नाही.

एआयकडून लिहून घ्या, माझी हरकत नाही. पण छापायच्या आधी एकदा माझ्याकडे या, हात हातात घ्या, मोजा. जरा लवकर या. शेजारच्या विभागातल्या मॅडमनी हृदयावरचा धडा लिहून घेतलाय, आणि तो न तपासताच छापायला गेलाय.

माझ्या बरगड्यांच्या आत सकाळपासून काहीतरी ठोकतंय.